तिथलं तिथेच उरका: परदेशी रुग्णालयातली सेवा संपवून गोव्याला परतताना

मलावी, झांबिया, युगांडा, केनिया अशा देशांतल्या जिल्हा किंवा मिशन रुग्णालयात सहा महिने, वर्षभर स्वयंसेवक म्हणून राबलेल्या डॉक्टर, नर्स, फिजिओ आणि लॅबच्या मंडळींसाठी हे टिपण आहे. निघायची तारीख ठरली की सगळं लक्ष तिकिटाकडे आणि बॅगेकडे जातं. खरी गडबड होते ती कागदांत आणि चार्ज देण्यात. जी सही तिथे असताना एका दुपारी मिळते, तीच पेडण्यात किंवा डिचोलीत बसून मागवायची म्हटली तर महिने जातात. मेट्रन बदललेली असते, सुपरिटेंडंट रजेवर असतो, आणि गेलेल्या माणसाच्या ईमेलला उत्तर देणं हे कुणाचंच पहिलं काम नसतं. म्हणून शेवटचे सहा आठवडे परतीचेच धरून चाला.

कागद

आधी काम पूर्ण केल्याचं पत्र. बहुतेक ठिकाणी ठरलेला मजकूर असतो: 'यांनी आमच्याकडे मनापासून सेवा केली, आम्ही आभारी आहोत.' भिंतीवर लावायला छान, अर्जाला जोडायला निरुपयोगी. पत्रात हवं ते असं: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठला विभाग, आठवड्याला किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, आणि देखरेख करणाऱ्याचा तिथल्या मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. 'बालरोग वॉर्ड, ४० खाटा, आठवड्याला ४४ तास, दर चौथ्या रात्री ऑन-कॉल' हे एक वाक्य दहा स्तुतिसुमनांपेक्षा कामाचं. मसुदा तुम्हीच टाइप करून द्या. कुणी रागावत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं त्यांना. लेटरहेडवर तीन मूळ प्रती घ्या, तिन्हींवर शाईची सही आणि शिक्का. स्कॅन केलेली सही चालेल असं तिथे सांगतात, इथे टेबलापलीकडचा माणूस मूळ कागद मागतो.

गोवेकरांनी डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट म्हणजे नावाचं स्पेलिंग. गावकर हे एकच आडनाव जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर तिसरं असू शकतं. मध्ये कुठे 'डब्ल्यू' तर कुठे 'यू', शेवटी कधी 'के'नंतर 'ए-आर', कधी 'सी'नंतर. पोर्तुगीज अमदानीतल्या नोंदींचा हा वारसा तिथल्या क्लार्कला ठाऊक नसतो, तो ओळखपत्रावर दिसेल ते उतरवतो. पत्रावर पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग घ्या. कौन्सिलची नोंदणी वेगळ्या स्पेलिंगने असेल तर तेही 'नोंदणीतील नाव' म्हणून त्याच पत्रात घालून घ्या.

तिथल्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी काढली असेल, तर गुड स्टँडिंग सर्टिफिकेटचा (तुमच्यावर कारवाई नसल्याच्या कौन्सिलच्या दाखल्याचा) अर्ज निघण्यापूर्वीच करा. ते बहुधा तुमच्या हातात देत नाहीत, एका कौन्सिलकडून थेट दुसऱ्या कौन्सिलला पाठवतात. म्हणून फी भरून पावती घ्या आणि जिथे पाठवायचं तिथलं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून द्या. 'जीएमसी' असं आखूड लिहू नका. आपल्याला संदर्भावरून कळतं, पण गोवा मेडिकल कौन्सिलसाठीचं पाकीट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या आवक विभागात जाऊन पडलं तर शोधायला कोण जाणार?

पोलीस क्लिअरन्सचंही तसंच. पुढे आखातात किंवा ब्रिटनमध्ये नोकरीला अर्ज केला की राहिलेल्या देशाचा दाखला मागितला जाऊ शकतो. त्यासाठी बोटांचे ठसे लागतात. तिथे पोलीस मुख्यालयात जाऊन ठसे देणं सोपं, गोव्यातून ठसे पाठवणं महाकटकटीचं.

परदेशी कागदाला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, हवं असेल तर ते ज्या देशाने कागद दिला त्याच देशात होतं. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे, पण त्याचा अर्थ मलावीच्या कागदावर इथे शिक्का मिळेल असा नाही. मलावी करारात आहे, तिथे अपोस्टिलने भागतं. यजमान देश करारात नसेल तर आधी तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग भारतीय वकिलातीचा. कॉमनवेल्थ देशांत या वकिलातीला हाय कमिशन म्हणतात, पत्ता शोधताना तेच नाव टाका. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि वकिलात राजधानीत, रुग्णालय तीनशे किलोमीटरवर, हे गणित विसरू नका.

लॉगबुक असेल तर शेवटच्या आठवड्यात पानोपानी सही घेत बसू नका, दर महिन्याला घेत चला. त्यात रुग्णाचं नाव किंवा केसपेपरचा नंबर नको. वय, लिंग, काय केलं, स्वतः केलं की मदत केली, एवढं पुरे.

चार्ज देणं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. जाणारा स्वयंसेवक सगळं काही येणाऱ्या स्वयंसेवकाला समजावून जातो. येणारा तीन महिन्यांनी जातो, आणि वॉर्डातल्या कायमच्या नर्सला कशाचाच पत्ता नसतो. चार्ज द्यायचा तो तिथेच राहणाऱ्या माणसाला. नवीन स्वयंसेवक शेजारी बसून ऐकेल, पण कागद आणि किल्ली वॉर्ड सिस्टरच्या हातात.

दोन आठवडे आधी नवीन लांबणारं काम हातात घेणं थांबवा. मोह होतो, कारण आता हात बसलेला असतो. पण उदाहरणार्थ जन्मतः पाय आत वळलेल्या बाळाचं पोन्सेटी प्लास्टर घ्या. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांत टाचेच्या शिरेचा, म्हणजे टेंडनचा, छोटा छेद आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. तुम्ही तिसऱ्या प्लास्टरला निघून गेलात आणि पुढचं करणारं कुणी नसेल, तर पाय परत वळतो आणि आईचा प्लास्टरवरचा विश्वास उडतो, तो वेगळाच. हे बाळ कुणाकडे जाणार याचं नाव हातात असेल तरच सुरू करा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियांनाही हाच नियम: शेवटच्या दहा दिवसांत ज्याचे टाके तुम्ही काढणार नाही, ते पोट उघडू नका. इमर्जन्सीची गोष्ट अर्थातच वेगळी.

रुग्णांची यादी एका पानात बसवा. सर्वांत आजारी वर. प्रत्येकापुढे चार गोष्टी: काय आहे, काय चालू आहे, कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे, आणि रिपोर्ट आल्यावर कुणी काय करायचं. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात आणि बायोप्सीचा रिपोर्ट सहा आठवड्यांनी तुमच्या बंद पडलेल्या नंबरवर येतो. राजधानीच्या लॅबला कळवून संपर्काचा नंबर बदलून घ्या.

यंत्रांचा चार्ज हाताने दाखवून द्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हटला तर: मागचा किंवा बाजूचा स्पंजाचा फिल्टर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण सुकवून परत लावायचा. ओला लावला तर हवा ओढायला यंत्राला जोर पडतो. ह्युमिडिफायरच्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, खुणेच्या वर नाही, नाहीतर नळीतून पाणी बाळाच्या नाकाशी पोचतं. यंत्र भिंतीला टेकवायचं नाही, फूटभर अंतर ठेवायचं. आणि पिवळा दिवा लागला की ऑक्सिजनची शुद्धता घसरली असं समजायचं, अलार्मचा आवाज बंद करून चालू ठेवायचं नाही. हे सगळं एका पुठ्ठ्यावर तिथल्या भाषेत लिहून यंत्रालाच बांधा. वॉर्डातली नर्स स्वतःच्या हाताने फिल्टर काढून घालते तोपर्यंत चार्ज दिला असं मानू नका.

कुलुपातल्या औषधांची, म्हणजे मॉर्फिन, केटामाइन, डायझेपाम यांची, रजिस्टरप्रमाणे मोजणी करा. दोन सह्या, तारीख, आणि रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो. एक अँप्यूल कमी भरली तर निघून गेलेल्या माणसाचंच नाव पुढे येतं.

उरलेली स्वतःची औषधं, ग्लोव्ह्ज, सुया फार्मसीला यादी करून द्या, पण मुदत बघून. औषधदानाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा की पोचताना औषधाची किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी. दोन महिन्यांत संपणारी पाकिटं देणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर नष्ट करायचं काम टाकणं.

मोबाईलमधले रुग्णांचे फोटो, एक्स-रे, चार्ट यांची सफाई निघायच्या आदल्या रात्री बसून करा. गॅलरी, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग गूगल फोटोज, मग त्याची कचराकुंडी. वॉर्डाच्या ग्रुपमधून निरोप घेऊन बाहेर पडा.

पैसे, सिम, परवाना

एअरटेल मनी किंवा एम-पेसा या मोबाईलवरच्या पैशांच्या खात्यातली शिल्लक काढून घ्या. सिम काही महिने न वापरल्यास बंद होतं आणि आतला पैसा अडकतो. तिथला क्वाचा किंवा शिलिंग मुंबईच्या विमानतळावर सहसा कुणी बदलून घेत नाही, तिथेच डॉलर करा किंवा वॉर्डाच्या चहाफंडात टाका. उरलेले डॉलर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत द्यायचे असतात. २००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःकडे ठेवता येतात. नोटा ५००० डॉलरच्या वर असतील तर उतरल्यावर कस्टमला जाहीर करायच्या, पण स्वयंसेवकावर ही पाळी येते कुठे?

भारतातलं प्रीपेड सिम ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी ते बंद करू शकते. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, तेव्हा घरच्यांना सांगून त्याआधीच रिचार्ज करून घ्या. राहण्याच्या परवान्याची तारीख आणि विमानाची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. विमान मध्यरात्री सव्वाचं असेल आणि परवाना आदल्या दिवशी संपत असेल, तर तो एक दिवस इमिग्रेशनच्या काउंटरवर रोख दंडाचा असतो.

बॅग भरताना इस्त्री

मध्य आणि दक्षिण आफ्रिकेत पुत्सी नावाची माशी दोरीवरच्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. कपडा अंगावर आला की अळी कातडीत शिरते. शेवटचे धुतलेले कपडे वाळले की घाईत बॅगेत जातात आणि अळी गोव्याला येते. म्हणून बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा, अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादरीसुद्धा, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करा. कमरेचा इलॅस्टिक आणि शिवणी विशेष, कारण इस्त्री नेमकी तिथूनच निसटते. वीज नसेल तर तो कपडा दोन-तीन आठवडे वापरू नका. आल्यावर अंगावर गळवासारखा फोड आला, मध्ये टाचणीएवढं छिद्र असलं आणि आत काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं, तर दाबू नका. अळी आत फुटली तर तिथे पिकतं. छिद्रावर व्हॅसलिनचा जाड थर द्या. हवा बंद झाली की काही तासांत ती वर येते, मग चिमट्याने काढायची. गोव्यातला डॉक्टर हे गळू समजून अँटिबायोटिक देण्याचा संभव दांडगा.

वॉर्डात वापरलेले बूट तळव्यासकट घासून ०.५ टक्के क्लोरीनने पुसा. घरगुती ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. स्टेथोस्कोप ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ब्लीचने नळी कडक होते.

भेटी म्हणून चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका नेसतात ते छापील कापड, उत्तम: हलकं, आणि गोव्याच्या पावसात बुरशी धरली तरी धुता येतं. लाकडी मूर्ती घेताना साल नको आणि बारीक छिद्रं, पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा आहे असं समजा. तो घरच्या सागवानी कपाटात गेला की बघायला नको. हस्तिदंत, कासवाची पाठ, कातड्यावर केस शिल्लक असलेला ढोल, बियाणं, माती: यातलं काही नको. दारू दोन लिटर ड्यूटीफ्री आणता येते, पण गोव्यात दारू आणणं म्हणजे समुद्रात पाणी ओतणं.

वाट

पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, बॅगेत नाही. युगांडा, केनिया, इथिओपिया यांसारख्या देशांतून येणाऱ्याकडे मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य काउंटरवर ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. मलावीसारख्या देशातून येत असाल पण आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदललं असेल, तर विमानतळाबाहेर न पडल्यास सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर. कार्ड असलेलं बरं. लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून कार्ड लागू होतं आणि २०१६ च्या जुलैपासून ते आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी. गोव्यात ही लस वास्कोला पोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते, पुढच्या वेळी जाताना लक्षात असू द्या.

इमिग्रेशन आणि कस्टम मुंबईलाच होतं, बॅग तिथे घेऊन पुन्हा द्यावी लागते. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर दोन फटके बसतात: देशांतर्गत सामान बहुधा १५ किलो आणि तुमच्याकडे ४६, शिवाय काही विमानं टर्मिनल १ वरून, तेही रस्त्याने पलीकडे. एकाच तिकिटावर गोव्यापर्यंत काढा, नाहीतर मध्ये चार तास ठेवा. आणि गोव्याचा कुठला विमानतळ, वास्कोजवळचा दाबोळी की पेडण्यातला मोपा, ते बघून घ्या. घरचे वास्कोला गाडी घेऊन उभे आणि तुम्ही पेडण्यात, हे अजूनही घडतं. सामान जास्त असेल तर रात्रीची कोकणकन्या सरळ: थिवी किंवा करमळीला उतरायचं, वजनाला कुणी विचारत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, चवथीच्या आसपास तिकीट मिळणं मुश्कील.

घरी आल्यावर: ताप म्हणजे मलेरिया, उलट सिद्ध होईपर्यंत

मलेरियाच्या गोळ्या घरी पोचल्या दिवशी बंद करणं ही नेहमीची चूक. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम असेल तर निघाल्यानंतरही चार आठवडे, मेफ्लोक्विनही चार आठवडे, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. फरक एवढ्यासाठी की शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचे जंतू आधी यकृतात दडतात. तिसरं औषध त्यांना तिथेच गाठतं, पहिली दोन ते रक्तात उतरण्याची वाट बघतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल इथे सहजी मिळत नाही, पूर्ण कोर्स तिथूनच घ्या. डॉक्सी पेलाभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला छाले. तिच्यावर असताना मोरजीच्या किनाऱ्यावर दुपार काढली तर कातडी भाजते.

पहिले तीन महिने ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. जुलैत आलात तर घरची मंडळी 'भिजलास, दुसरं काय' म्हणून पेज आणि पॅरासिटामॉल देतील. पावसाळ्यात इथे डेंग्यू आणि लेप्टोही असतो, त्यामुळे डॉक्टरचंही लक्ष तिकडे जातं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे बोला: 'मी अमुक तारखेला आफ्रिकेतून आलो, तिथे फॅल्सिपेरम हा जीवघेणा मलेरिया असतो, या गोळ्या चालू होत्या.' एक टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलात असं नाही. गोळ्यांमुळे जंतू कमी दिसतात. १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा तपासणी हवी. फॅल्सिपेरम एका दिवसात मेंदूवर जाऊ शकतो, सोमवारची वाट बघू नका.

सुई टोचली असेल आणि पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या) चालू असेल तर कोर्स २८ दिवसांचा. उरलेल्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅग हरवली तर डोस चुकेल. सहा आठवडे आणि तीन महिन्यांच्या तपासण्या बांबोळीच्या एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) होतात. तिथल्या रुग्णालयाचं टोचल्याच्या नोंदीचं पत्र बरोबर हवं. तोवर जोडीदाराबरोबर कंडोम, आणि रक्तदान नाही.

क्षयाच्या वॉर्डात काम केलं असेल तर शेवटच्या संपर्कानंतर आठ ते दहा आठवड्यांनी आयजीआरए ही क्षयाच्या संसर्गाची रक्ततपासणी करा. आपल्याकडे सगळ्यांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरच्या टेस्टचा गोंधळ होतो. आठ आठवड्यांच्या आधी आयजीआरए केलीत तर निगेटिव्हला अर्थ नाही.

मलावी सरोवरात किंवा व्हिक्टोरिया सरोवरात पोहला असाल, एकदाच का असेना, तर बिल्हार्झिया तपासा. हा जंत गोव्यात जवळजवळ कुणी पाहिलेला नसतो, म्हणून मागितल्याशिवाय कुणी शोधणार नाही. शेवटच्या पोहण्यानंतर १२ आठवड्यांनी लघवी आणि शौच दोन्ही द्या. लघवी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानची, त्यातही शेवटचे थेंब, कारण अंडी त्या वेळी जास्त उतरतात. पहाटेचा नमुना दिलात तर काही न सापडण्याची शक्यता मोठी. लॅबवाल्याला आधी फोन करून सांगा काय शोधायचंय. सापडलं तर प्राझिक्वांटेलने बहुधा एका दिवसात काम होतं.

प्रवासविमा बहुतेक उतरल्या दिवशी संपतो. तुमच्या गैरहजेरीत दीनदयाळ स्वास्थ्य सेवेच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याच्या, कार्डाचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करा, ताप आल्यावर नव्हे.

लोक

पहिल्या आठवड्यात सगळे एकच विचारतील: 'कसं होतं तिथे?' आणि उत्तर ऐकायला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबणार नाहीत. एक अर्ध्या मिनिटाचं उत्तर तयार ठेवा; लांबचं ऐकणारा एखादा भेटतो, त्याच्यासाठी बाकीचं. झोप लागत नाही, मॉलमध्ये चिडचिड होते, वॉर्डातलं एखादं मूल डोळ्यांसमोरून हलत नाही, हे पहिले दोन-चार आठवडे होतंच. महिन्याने कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जा किंवा टेलिमानसला १४४१६ वर फोन करा.

चवथीला मंडळाचे कार्यकर्ते 'तिथले फोटो दाखवून दोन शब्द बोला' म्हणतील. इमारत, बाग, स्वयंपाकघर दाखवा. खाटेवरचं माणूस नको. डिचोलीच्या बाळंतिणीचा फोटो तुम्ही पडद्यावर लावाल का, एवढंच स्वतःला विचारा.

तिथली सिस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या रुग्णाबद्दल विचारेल. डोस सांगू नका, कुणाला विचारायचं ते सांगा. रुग्ण समोर नसताना दिलेला डोस तिच्या सहीने जातो. फोन करायचा तर मलावी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. त्यांचा राउंड एकच्या सुमारास संपतो, म्हणजे आपल्याकडे साडेचारनंतर.